हनुवटी, जॉलाइन आणि "सगळं एकदमच करून टाकू का मॅडम?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे फार येतो. हनुवटीत फिलर, जबड्याला बोटॉक्स, डबल चिनसाठी चरबी विरघळवणारं इंजेक्शन, हे सगळं एकत्र घेतलं तर चालतं का, आणि असं वाटणं म्हणजे माझ्या डोक्यात काही बिघडलंय का. दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात लोक. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, इंजेक्शन द्यायचं की नाही हे माझ्या हातात नसतं, पण एक त्वचारोगतज्ज्ञ अधूनमधून "आधी जरा यांच्याशी बोलून या" म्हणून माणसं पाठवतात, त्यातलीच ही एक केस. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीतली मुलगी, टीम सांभाळणारी, बोलायला एकदम चटपटीत. बसल्या बसल्या फोन पुढे केला. स्वतःचाच साइडने काढलेला फोटो, त्यावर बोटाने लाल रेघा मारलेल्या, जबडा कुठून कुठे सरळ हवा, हनुवटी किती पुढे हवी, सगळं आखून ठेवलेलं. आणि खाली चार गोष्टींची यादी, चावायच्या स्नायूत म्हणजे मॅसेटरमध्ये बोटॉक्स, हनुवटीत फिलर, जॉलाइनला फिलर आणि हनुवटीखाली फॅट डिझॉल्व्हिंग. "एकाच सिटिंगमध्ये उरकायचंय मॅडम, तीन आठवड्यांनी मोठं प्रेझेंटेशन आहे, स्टेजवर उभं राहायचंय."

आधी तिची भीती काढली. एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र करणं हे काही वेडेपणाचं नाही, डॉक्टर करतातच, कारण प्रत्येकाचं काम वेगळं असतं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर भर देतं, आणि तिसरं, ज्यात डीऑक्सिकोलिक ॲसिड असतं आणि ज्याला अमेरिकेत 2015 मध्ये हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्यता मिळाली, ते चरबीच्या पेशी फोडतं. घोळ असतो तो वेळेचा. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, पूर्ण यायला साधारण दोन आठवडे, पण मॅसेटर बारीक दिसायला महिना-दोन महिने जातात, कारण स्नायू न वापरल्यामुळे हळूहळू कमी होतो. फिलर त्याच दिवशी दिसतं पण त्यावर सूज आणि काळंनिळं होणं असतंच. आणि चरबीचं इंजेक्शन तर उलटंच वागतं, आधी हनुवटीखाली चांगली सूज येते, बधिरपणा काही आठवडे राहू शकतो, दोन सेशनमध्ये किमान महिनाभर अंतर ठेवतात आणि एका सेशनमध्ये भागेलच असं नाही. म्हणजे तीन आठवड्यांनी स्टेजवर उभी राहिली असती ती अर्धवट सुजलेला आणि अर्धवट बदललेला चेहरा घेऊन. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा गप्प बसली.

मग मी विचारलं, हा फोटो कुणी काढला? स्वतःच, हात लांब करून. आता ही गोष्ट मी सगळ्यांनाच सांगते. 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात दाखवलंय की साधारण बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याजवळची गोष्ट मोठी, लांबची लहान, एवढंच गणित आहे, आणि त्या फोटोवर आपण जबड्याचा नकाशा आखतो. तिला म्हटलं, मैत्रिणीला पाच-सहा फुटांवर उभं करून समोरून, बाजूने असे फोटो काढून घे, मान सरळ ठेवून, खाली वाकून नाही. पुढच्या वेळी आली तेव्हा जॉलाइनच्या रेघा तिनेच पुसल्या होत्या. हनुवटीची तक्रार मात्र तशीच होती, आणि खरं सांगायचं तर हनुवटी थोडी आत होतीच, मी ते नाकारलं नाही, "अगं छानच दिसतेस" वगैरे बोलून माणसाची तक्रार मिटत नाही, माणूस फक्त एकटा पडतो.

पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं होतं. बॉसचा विषय निघाला की तिच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात एक गाठ उठायची आणि बसायची, उठायची आणि बसायची. दात दाबत होती. विचारलं तर म्हणाली सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, घरचे म्हणतात झोपेत दात खातेस. म्हणजे जो "चौकोनी" जबडा तिला बारीक करायचा होता तो निदान थोडा तरी रात्रंदिवस चाललेल्या व्यायामाने तयार झाला होता. मॅसेटरमध्ये बोटॉक्स घेतल्यावर दाबण्याचा जोर कमी होतो हे खरं, पण जबडा बारीक दिसण्यासाठी देणं बऱ्याच देशांत ऑफ-लेबल आहे, म्हणजे औषधाला ज्यासाठी अधिकृत मान्यता आहे त्याबाहेरचा वापर, आणि जास्त किंवा चुकीच्या जागी पडलं तर हसू वाकडं होणं, गाल सैल दिसणं हेही होतं. परिणाम काही महिन्यांत उतरतो, ताण मात्र तिथेच असतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नाइट गार्डसाठी, म्हणजे झोपताना दातांवर बसवायच्या कवचासाठी, पाठवली आणि बॉसचा विषय आम्ही दोघींनी घेतला, त्यावरच जास्त सेशन गेली.

मधे एकदा मी तो प्रश्नही विचारला जो विचारायलाच लागतो, की दिवसातून किती वेळ याचा विचार करतेस, आरसा बघायला उठतेस का, फोटो टाळतेस का, बाहेर जाणं रद्द करतेस का. रोज तास-दोन तास तेच डोक्यात, इतरांना जे दिसतच नाही किंवा जेमतेम दिसतं त्यावरून काम, नाती अडतायत, असं असेल तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो आणि त्यात इंजेक्शनाने समाधान मिळणं अवघड, एक जागा बरी झाली की नजर दुसऱ्या जागी सरकते. त्यावर उपाय सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधं. हिचं तसं नव्हतं. चिडचिड होती, पण आयुष्य थांबलेलं नव्हतं.

डॉक्टरांकडे परत जाताना तिने फोनमध्ये प्रश्न लिहून नेले. फिलर कुठल्या प्रकारचं, हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर गरज पडल्यास एन्झाइमने विरघळवता येतं, कॅल्शियमवालं तसं विरघळत नाही. रक्तवाहिनीत गेलं तर काय करणार, आणि ते विरघळवायचं औषध तुमच्याकडे आत्ता आहे का. कातडी पांढरी पडली, जाळीसारखे डाग आले, दुखणं वाढत गेलं, दिसायला त्रास झाला तर थांबायचं नाही, लगेच फोन, तो नंबर कोणता. या प्रश्नांनी जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे माझ्या मते मुळीच जाऊ नये.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले हनुवटी दाबताना कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते, तिथला स्नायू फार ओढतो, तेव्हा तिथे थोडं बोटॉक्स आणि थोडं फिलर पुरे, हनुवटी पुढे आली की खालची चरबीही कमी वाटते, ते इंजेक्शन आत्ता नको. आणि बोटॉक्स-फिलरही प्रेझेंटेशन झाल्यावरच. आधी बोटॉक्स, दोन आठवड्यांनी फिलर, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

प्रेझेंटेशन तिने तिच्या जुन्याच चेहऱ्याने केलं. नंतर हनुवटीचं करून घेतलं, खूश आहे. मॅसेटरचा विषय परत काढला नाही, नाइट गार्ड मात्र आठवड्यातून दोनदा विसरते, त्यावरून अजून माझी बोलणी खाते.