पदवीनंतरचं वर्ष आणि डब्यातलं मशीन

"हिचं हे वर्ष वाया तर जाणार नाही ना ओ, मॅडम?"

प्रश्न मुलीचा, विचारला वडिलांनी. ते सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे. माझ्या एवढ्याशा खोलीतही मागाशेजारी उभं राहून बोलावं तसं मोठ्यानं बोलत होते. मुलगी पुण्याहून बी.ए.एस.एल.पी., म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींवरची पदवी, करून आलेली. चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढं ऑडिऑलॉजीत, म्हणजे श्रवणशास्त्रात, एम.एस्सी. करायचं आणि जमलंच तर परदेशात जायचं, असं तिच्या मनात होतं. अर्जात लिहायला अनुभव नाही म्हणून थांबावं, तर मैत्रिणी पुढं निघालेल्या. या कात्रीत सापडलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी सल्ल्याला येतात.

आधी कोरडा भाग सांगितला. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेवर मिळतो. नुसत्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यासाठी वर्ष घालवायचं कारण नाही. अमेरिकेत ऑडिऑलॉजिस्ट होण्यासाठी एयूडी (डॉक्टर ऑफ ऑडिऑलॉजी) ही साधारण चार वर्षांची पदवी लागते. तिथं अर्जासोबतचं निवेदन आणि शिफारसपत्रं बारकाईनं वाचतात, म्हणून अनुभवाचा प्रश्न तिथं जास्त येतो.

तिनं फाइल उघडली. वेबिनारची चौदा प्रमाणपत्रं होती. मी ती बाजूला ठेवली आणि म्हटलं, "एका पेशंटबद्दल सांग. नाव नको."

जरा वेळ गप्प बसली, मग एका आजींबद्दल बोलायला लागली. श्रवणयंत्र घेऊन दोन महिने झाले तरी आजींनी ते डब्यातून बाहेर काढलं नव्हतं. का, तर भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. हिनं यंत्रातले मोठे आवाज खाली आणून घेतले, रोज फक्त तासभर, शांत खोलीत, सुनेशी बोलताना वापरा म्हणून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. तिसऱ्या खेपेला आजी मशीन लावूनच आल्या. हे सांगताना तिचा आवाज पार बदलला होता.

"हे अर्जात लिहिलंयस?"

"याचं सर्टिफिकेट नाही, मॅडम."

मला खरंच वाईट वाटलं. चार वर्षांत शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तिला सांगण्याजोगीच वाटत नव्हती.

शहरातल्या एका श्रवणयंत्र विक्रेत्यानं तिला नोकरी देऊ केली होती. पगार थोडा, यंत्र खपलं की कमिशन. घाई करू नकोस म्हटलं. तिथं ओएई, बेरा या कानाच्या आणि श्रवणाच्या नसेच्या चाचण्या होतात का, लहान मुलं येतात का, यंत्र घेऊन गेलेला माणूस परत आला की त्याच्याशी कोण बसतं, हे विचारून ये. तिनं विचारलं. परत आलेल्यांना 'सवय होईल' म्हणून पाठवतात, असं कळलं. तिनं ती नोकरी घेतली नाही. या व्यवसायातल्यांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी हातात येईपर्यंत तपासायला बसू नकोस, हेही बजावलं. १९९२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. पदवी चालू असलेल्यांनी तर नुसतं शेजारी बसून बघावं. त्यातूनही पुष्कळ कळतं.

एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली. तिचं घर तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागात ही काही नवलाची गोष्ट नाही, म्हणून तिनं कुठं लिहिलीच नव्हती. पण शब्द ऐकवून तेच म्हणायला लावायची चाचणी मराठी यादीवर घेतली, तर तेलुगू बोलणाऱ्या आजी कानामुळं चुकल्या की भाषेमुळं, हे कसं ठरवायचं? हा प्रश्न तिला इंटर्नशिपमध्ये पडला होता आणि तिनं तो गिळला होता.

नोंदणी आल्यावर ती एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुपारच्या वेळेत रुजू झाली. सकाळी परीक्षेचा अभ्यास. पहिल्याच आठवड्यात वडिलांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. आलेख ४००० हर्ट्झच्या उंच सुरापाशी खोल गेलेला, मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचा असतो तसा. आता ते कानात प्लग घालून कामावर जातात. शेजारचे कामगार हसतात म्हणे.

दिवाळीनंतर ती वही घेऊन आली. पेशंटची नावं नव्हती. तारीख, तक्रार, काय केलं, परत आल्यावर काय झालं, एवढंच. तिथंच बसून आम्ही निवेदनाचा पहिला परिच्छेद लिहिला. सुरुवात डब्यातल्या मशीननं झाली. चौदांपैकी दोन प्रमाणपत्रं ठेवली.