फियाटचा सायलेन्सर बदला, पण पत्र्याला कटर लावू देऊ नका

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय. आजोबांची १९६८ ची फियाट डिलाइट आहे, आरसी यांच्याच नावावर आहे, पाच वर्षांपूर्वी हौसेने फ्री फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा, म्हणून मोठ्या आवाजाचा) बसवून घेतला, मागच्या वर्षी आवाजावरून चलान झालं ते अजून तसंच पडलंय, आणि आता गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचीये म्हणून आवाज कमी करायचाय. प्रश्न असे की आरटीओची परवानगी लागेल का, किती डेसिबल चालतात, चलान भरू का लढू, आणि गॅरेजवाल्याकडून पैसे परत मिळतील का. असे प्रश्न बुलेटवाल्यांकडून तर कायम येतात, जिप्सीवाले पण विचारतात, त्यामुळे मोठा आवाज बेकायदा का आहे हे परत सांगत बसत नाही.

पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय ना, की मेकॅनिक म्हणतो जुने हँगर, म्हणजे सायलेन्सर लटकतो ते हुक, गंजून गेलेत, मागचा थोडा पत्रा कापून नवीन ब्रॅकेट वेल्ड करतो म्हणजे मोठा सायलेन्सर बसेल, तुमची सगळी केस त्या वाक्यात आहे. २०२१ मधे केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए पासून व्हिंटेजचे नियम आले, त्यात व्हिंटेज कोणाला म्हणायचं ते लिहिलंय. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ स्वरूपात असलेली, आणि चॅसिस (खालचा सांगाडा), बॉडी शेल (गाडीचं पत्र्याचं कवच) किंवा इंजिन यात बदल करून मोठी दुरुस्ती न झालेली. सायलेन्सर या यादीत नाहीये. म्हणजे सायलेन्सर बदलला म्हणून कोणी तुमचं व्हिंटेज नाकारू नये. पण तुमच्या फियाटला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही हो, बॉडी आणि चॅसिस एकच आहे, खालचा पत्रा म्हणजेच बॉडी शेल. तिथे कटर फिरला की व्हिंटेजच्या अर्जासाठी गाडीची पाहणी करणाऱ्या कमिटीला नियमातला शब्द तुम्ही आयता हातात दिलात. तेवढ्याशा कापाकापीला मोठी दुरुस्ती म्हणायचं का यावर मी वाद घालू शकतो आणि घालीनही, पण जो वाद टाळता येतो तो अंगावर का घ्यायचा, आणि कापलेला पत्रा काही परत पहिल्यासारखा होत नाही.

म्हणून जुन्या मापाचाच सायलेन्सर शोधा. डिलाइटचीच पुढे पद्मिनी झाली आणि पद्मिनी नव्वदच्या दशकापर्यंत निघत होती, त्यामुळे माल मिळणं अशक्य नाही, हँगर जुन्याच जागी, जुन्याच भोकांत बसवता येतात का ते आधी बघा. फ्री फ्लो बसवताना मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरच्या पाईपात आणणारा भाग) पण बदललं होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते विचारून घ्या, बदललं असेल तर तेही मूळचं परत लावा, कारण मॅनिफोल्ड इंजिनात धरायचं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. काम सुरू व्हायच्या आधी गाडी रँपवर घेऊन खालून फोटो काढा, झाल्यावर परत काढा. बिलावर पूर्ण चॅसिस नंबर घाला आणि स्पष्ट लिहून घ्या की सायलेन्सर व पाईप बदलले, बॉडीवर कटिंग वेल्डिंग केलेलं नाही. काढलेला सायलेन्सर घरी ठेवा. मागच्या वेळी ओरिजिनल भंगारात दिलात आणि बिलही घेतलं नाहीत, जीएसटी वाचवायला म्हणून, आणि आता मला विचारताय गॅरेजवाल्यावर काय करता येईल. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, तुम्ही पाच वर्षं बसलात, तो विषय सोडून द्या.

मूळ पद्धतीचा सायलेन्सर परत लावायला माझ्या मते परवानगी लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फरक ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, आणि तुम्ही तर गाडी मूळ जागी आणताय. डेसिबलचं म्हणाल तर मोबाईलच्या ॲपवर ८४ आले का ९० हे कुठेही दाखवू नका, त्याला काही अर्थ नाही. नियमांतले आकडे गाडी कारखान्यातून निघतानाचे आहेत आणि १९६८ ला ते नव्हतेच. तुम्हाला लागू आहे तो त्याच केंद्रीय नियमांतला नियम १२०, की आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर गाडीला हवा. नुसता सरळ पाईप त्यात बसत नाही.

चलानावर कलम कुठलं आहे ते तुम्ही कळवलेलं नाही, त्यामुळे इथे मी जपूनच बोलतो. १९०(२), म्हणजे आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्याचं, असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. १८२ए(४), म्हणजे गाडीत बेकायदा बदल केल्याचं, असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार किंवा दोन्ही, आणि तिथे सायलेन्सर म्हणजे बदल होतो का हा बचाव घेता येतो. पण एवढ्या रकमेसाठी कोर्टात तारखा घेत बसलात तर व्हिंटेजचा अर्ज म्हातारा होईल, मी तर तडजोड शुल्क, म्हणजे खटला न लढता चलान मिटवायची रक्कम, भरून मोकळं व्हा म्हणेन. फक्त एक लक्षात घ्या, कलम २०० खाली पैसे भरले तरी तो पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. बरेच लोक पावती खिशात घालून त्याच सायलेन्सरवर परत फिरतात, मग दुसऱ्यांदा पकडलं की १९०(२) खाली कैद सहा महिन्यांपर्यंत जाते. तेव्हा सायलेन्सर बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढूच नका, गॅरेजला न्यायची तर टो करून न्या.

आणि अर्ज करायच्या आधी घरात बोलून घ्या. व्हिंटेज नोंदणीला वीस हजार लागतात, ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला पाच हजार, जुना नंबर तसाच राहतो, हे सगळं चांगलं आहे. पण नंतर ती गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच बाहेर काढता येते. तुम्ही लिहिलंय की दर रविवारी सगळे मिळून फियाटमधून मिसळ खायला जातो, ते बंद होईल. ते सोडवत नसेल तर आहे ती साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी रिन्यू करत रहा, आणि रिन्यूची तारीख आत्ताच आरसीवर बघून घ्या, ती पण गेलेली असली तर मला लगेच कळवा.