बेडूकरावांचा उपास

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाने हट्टाने शिंगवाला बेडूक आणलाय. थंडी पडल्यापासून भुशात रुतून बसलाय, दहा दिवस काही खाल्लं नाही. आजारी असेल का? – एक वैतागलेली आई

उत्तर: ताई, आधी पेटीत थर्मामीटर ठेवा. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतला. त्याला २४ ते २८ अंश सेल्सियसची ऊब लागते. माझ्याकडे असाच एक नऊ वर्षं होता. पहिल्या हिवाळ्यात मीही रडकुंडीला आले होते, आणि पेटीत निघाले १८ अंश! हीटिंग पॅड काचेला बाजूने, बाहेरून लावा, थर्मोस्टॅटसकट. तळाला नको, हा खाली उकरत जातो आणि भाजून निघतो.

नारळाचा भुसा ओलसर हवा: मुठीत दाबला की गोळा व्हावा, पाणी गळू नये. फारच कोरडं पडलं तर हे महाशय कातडीचं कवच पांघरून झोपी जातात. पाणी ते कातडीनेच पितात, म्हणून क्लोरीन काढलेलंच वापरा.

पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून एकदा गांडुळं किंवा कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे पुरतात. उंदराची पिल्लं क्वचितच. माझा त्यांनीच गलेलठ्ठ झाला होता. भरवायचं चिमट्यानेच. त्याला बोट आणि गांडूळ यातला फरक कळत नाही, आणि धरलं की सोडत नाही. माझ्या अंगठ्याला विचारा!

सोबतीला दुसरा बेडूक मात्र आणू नका. सकाळी एकच उरेल, जरा फुगलेला.

ऊब मिळूनही महिनाभर खाल्लं नाही किंवा अंग खंगलं, तर बेडूक-सरडे तपासणारा पशुवैद्य गाठा.