बेटावरचा साप ‘माणसाळलेला’ की ‘निर्धास्त’?

प्रश्न असा आहे की बेटांवरचे प्राणी, त्यात काही रॅटलस्नेकही (शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप) आले, शत्रू समोर आला तरी मुख्य भूमीवरच्या भाईबंदांइतके बिथरत नाहीत, याला इंग्रजीत ‘आयलंड टेमनेस’ म्हणतात, मग मराठीत ‘माणसाळलेले’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते अजिबात नको. माणसाळणं म्हणजे माणसाच्या सहवासाने भीती जाणं, हत्ती माणसाळतो, पोपट माणसाळतो. इथे कारण बरोब्बर उलटं आहे, माणूस सोडाच, अंगावर पाय देईल असं मोठं जनावरसुद्धा पिढ्यानपिढ्या बघितलेलं नाही म्हणून भीती नाही. मी सरळ ‘निर्धास्त’ लिहीन.

मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात सांता कॅटालिना नावाचं बेट आहे, तिथला क्रोटॅलस कॅटालिनेन्सिस हा रॅटलस्नेक जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि त्याच्या शेपटीला खुळखुळाच नाही! बाकीच्या रॅटलस्नेकमध्ये प्रत्येक वेळी कात टाकताना शेपटीच्या टोकाचं कडक टोपण आधीच्यात अडकून राहतं, अशी साखळी वाढत जाते आणि शेपूट हलवली की ती टोपणं एकमेकांवर आपटून आवाज येतो. याच्या शेपटीचं टोक इतकं बारीक झालंय की टोपण धरूनच राहत नाही, कातीबरोबर गळून जातं. तुडवणारं कोणी नाही म्हणून इशाऱ्याची गरज संपली असं एक मत, झुडपात चढून पक्ष्यांची गुपचूप शिकार करायला आवाज नको म्हणून खुळखुळा गेला असं दुसरं, पण त्याच्या खाण्यात पक्ष्यांपेक्षा उंदीर आणि सरडेच जास्त सापडतात त्यामुळे मला पहिलं जास्त पटतं.

‘कमी आक्रमक’ पण टाळा. खुळखुळा वाजवणं हे आक्रमण नाहीच, आपलं फुरसं खवले घासून करकर करतं किंवा घोणस जोरात फुत्कारते तसाच तो ‘लांब राहा’ असा इशारा आहे. म्हणून ‘सहज न बिथरणारे’ म्हणा. आणि निर्धास्त म्हणजे निरुपद्रवी नव्हे हं, विष आहेच, आणि प्रत्येक बेटावरचा साप असाच वागेल असंही नाही.

‘निर्धास्त’ शब्दात पुढचा धोकाही आपोआप येतो, जो ‘माणसाळलेला’मध्ये येत नाही. या बेटावर माणसांनी नेलेली मांजरं रानटी झाली आणि हे साप मारायला लागली, शेवटी मांजरंच तिथून हटवावी लागली. ही जात आजही अतिसंकटग्रस्त यादीत आहे.