रंगाखालचं वेल्डिंग आणि अडकलेला इसार

प्रश्न : माझा 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे. झुडपांनी माजलेलं रान साफ करायला मागे जोडायचा जुना रोटरी स्लॅशर शोधत होतो. जुन्या अवजारांचा धंदा करणाऱ्या एकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून खाली लिहिलं, 'गिअरबॉक्स ओके, डेकला कुठेही वेल्डिंग नाही.' (डेक म्हणजे पात्यांवरचा लोखंडी पत्रा, त्यावरच गिअरबॉक्स बसतो.) मी जाऊन वरवर पाहिला, आवडला, किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतका इसार दिला. पावतीवर 'माल जसा आहे तसा, इसार परत मिळणार नाही' असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. आठवड्याने मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने गिअरबॉक्सच्या बुडाशी रंग खरवडला, तर आत वेल्डिंगची वीतभर रेघ निघाली. विक्रेता म्हणतो, 'बघून सही केलीत, आता नको असेल तर इसार सोडा.' दुसरीकडे एक शेतकरी स्वतःचा गंजलेला पण चालू स्लॅशर द्यायला तयार आहे. इसार परत मिळेल का? आणि घेऊ कोणता?

उत्तर : इसार मागा, आणि आजच मागा. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे. पण ती टिकवायची असेल, तर पुढचे काही दिवस जपून वागावं लागेल.

आधी त्या रेघेबद्दल. स्लॅशरमध्ये पातं खोडावर किंवा दगडावर आपटलं की तो दणका गिअरबॉक्समधून थेट त्याच्या बैठकीवर येतो. तिथल्या बोल्टच्या भोकांपासून पत्रा तडकतो. खाली जाड पट्टी देऊन नीट केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते. नुसती तडीवर ओढलेली रेघ पुन्हा उघडते. वेल्डिंग केलेला माल विकायला कायद्याची अजिबात हरकत नाही. त्यावर रंग मारून 'कुठेही वेल्डिंग नाही' असं लिहून देणं, हा मात्र वेगळा मामला आहे.

विक्रेत्याच्या 'बघून सही केलीत' यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नका. माल विक्री कायदा, 1930 चं कलम 16 सांगतं की अशा मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल नंतर बोलता येत नाही. बोथट पाती, वाकलेलं मागचं चाक, दगड अडवणारी तुटलेली साखळी, यांची तक्रार तुमची चालणार नाही. शिवाय कलम 62 प्रमाणे अशी गृहीत संरक्षणं दोघांनी ठरवून बाजूला ठेवता येतात आणि 'जसा आहे तसा' ही ओळ त्यासाठीच लिहिलेली असते. म्हणून कलम 16 च्या भरवशावर भांडायला जाऊ नका.

तुमचा खरा आधार करार कायदा, 1872 मध्ये आहे. कलम 17 प्रमाणे खोटं आहे हे ठाऊक असून खरं म्हणून सांगणं आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं, दोन्ही कपट. कपटाने मिळवलेली संमती कलम 19 प्रमाणे रद्द करता येते. 'जसा आहे तसा' या शब्दांनी कपट धुऊन निघत नाही.

विक्रेत्याचा वकील काय म्हणेल तेही सांगतो. 'आमच्याकडे आला तेव्हाच रंगवलेला होता, आम्हाला काय माहीत?' हे खरं ठरलं तर कपट उरत नाही, कलम 18 मधलं चुकीचं निवेदन उरतं. करार तेव्हाही रद्द होऊ शकतो, पण कलम 19 मधला अपवाद आडवा येतो : साधारण दक्षता घेऊन खरं कळण्यासारखं असेल तर रद्द करता येत नाही. साधा गिऱ्हाईक नाण्याने रंग खरवडत बसत नाही, असं तुम्ही म्हणाल आणि मलाही ते पटतं. तरी हा वाद होणारच. म्हणून रंग कोणी मारला, हे महत्त्वाचं. बाकी डेक फिका पडलेला आणि गिअरबॉक्सभोवतीच ताजा रंग असेल, तर त्याचे जवळून आणि लांबून असे दोन्ही फोटो हवेत.

इसार बुडतो तो खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली तर. नुसतं 'आगाऊ रक्कम' म्हणून दिलेल्या पैशांना तो नियम तसाच लागत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निकालात स्पष्ट केला आहे. तुमच्या पावतीवर 'इसार' हाच शब्द आहे, त्यामुळे त्या फटीतून तुम्हाला निघता येणार नाही. पण करार मोडायला कारण समोरच्याने दिलं असेल, तर जप्तीचा हक्क त्याला उरतच नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. ज्या व्हॉट्सॲप संभाषणात 'वेल्डिंग नाही' असं आलं, त्यातच उत्तर पाठवा : 'आपण डेकला वेल्डिंग नाही असं कळवलं होतं. आज गिअरबॉक्सच्या बैठकीवर रंगाखाली वेल्डिंग आढळलं, फोटो सोबत. या कारणाने मी व्यवहार रद्द करत आहे. इसाराची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी.' एवढंच. शिव्या नको, दमदाटी नको. हाच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवा. जुना मेसेज पुसू नका, फोनही विकू नका. असा पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मिस्त्रीकडून तारखेसह चार ओळी लिहून घ्या.

आणि काहीही झालं तरी 'बघू, थोडा कमी कर' म्हणत तो स्लॅशर घरी आणू नका. वेल्डिंग माहीत असून ताबा घेतलात, तर तुम्ही ते मान्य केलंत असं धरलं जाईल. घ्यायचाच असेल, तर वेल्डिंगचा उल्लेख करून नवी पावती आणि नवा भाव, असा सरळ सौदा करा. मी असतो तर केला नसता. एका जागी लपवणाऱ्याने दुसरीकडेही लपवलं असेल.

पैसे न आल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण लोकांची रानंही भाड्याने साफ करून देणार असाल तर विक्रेता 'हा व्यापारी वापर' असा आक्षेप घेईल. स्वतः राबून पोटापाण्यासाठी वापरलेल्या वस्तूला कायद्याने त्यातून वगळलं आहे. चार ड्रायव्हर ठेवून धंदा मांडणार असाल, तर दिवाणी न्यायालय.

राहिला शेतकऱ्याचा स्लॅशर. कायद्याचं छत्र इथे लहान आहे. तो या मालाचा व्यापारी नसल्याने माल विक्री कायद्याच्या कलम 16 मधलं संरक्षण जवळजवळ नाहीच. तरी माझा कौल त्याच्याकडे. गंज काही लपवत नाही.

त्याच कायद्याचं कलम 14 मात्र इथेही लागू आहे : विकणारा त्या वस्तूचा मालक असला पाहिजे. स्लॅशरला ट्रॅक्टरसारखं आरसी बुक नसतं, त्यामुळे मूळ बिल मागा आणि पाटीवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. नंबर घासून काढलेला दिसला तर हात जोडून परत या. चोरीचा माल पोलीस उचलून नेतात, वर तुम्हालाच जाब द्यावा लागतो. बिल हरवलं असेल तर कधी, कोणाकडून घेतला आणि त्यावर कर्ज नाही, हे त्याच्या सहीने दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या.

मग मिस्त्रीला कामाला लावा. ट्रॅक्टर बंद, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) सोडवलेला आणि डेकखाली भक्कम ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या डेकखाली कोणी शिरू नये. पात्यांचा दांडा वरखाली हलवून पाहा, खेळ लागला तर बेअरिंग गेलं. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, चमचमत असेल तर दाते झिजताहेत. खालच्या शाफ्टभोवती तार गुंडाळलेली आहे का, तेही बघा. ती सील कापते आणि ऑइल मातीत जिरत राहतं. गिअरबॉक्सच्या पाटीवरची एचपी तुमच्या 45 पेक्षा कमी नको. दगड अडवणारी साखळी नसेल तर काम सुरू करण्याआधी लावून घ्या. दगड उडून कोणी जखमी झालं तर भरपाई विकणारा नाही, तुम्ही द्याल.

एक गोष्ट अजून मागून बघा. माल विक्री कायद्याच्या कलम 24 मध्ये पसंतीवर माल देण्याची सोय आहे. 'चार तास चालवून, संध्याकाळपर्यंत पसंती कळवेन, पसंत नसल्यास परत' एवढं लिहून घेतलं, तर पसंती कळवेपर्यंत मालकी त्याचीच राहते. मात्र संध्याकाळ उलटून गेली आणि तुम्ही गप्प बसलात, तर माल तुमचा झाला. त्या चार तासांत स्लिप क्लच, म्हणजे पातं अडकलं की घसरून दणका झेलणारा क्लच, जरूर तपासा. पावसात पडून तो जाम होतो आणि मग प्रत्येक दणका गिअरबॉक्सवर जातो. प्लेटांवर खडूने एक सरळ रेघ ओढा, स्प्रिंगचे नट जरा सैल करा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. रेघ तुटून सरकली तर क्लच मोकळा आहे. सरकली नाही, तर तो उघडून साफ करण्याचा खर्च भावातून वजा करायला सांगा.