जुन्या मारुती ८०० च्या रेडिएटरचं पाणी कमी होतंय, मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, उघडू देऊ का?

भाऊ, लगेच उघडू देऊ नका. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, ते बघायला अख्खं हेड काढावं लागतं.) दोन-तीन सकाळी घालवा, त्यातच कळून जाईल.

तुम्ही लिहिलंय की २००५ ची मारुती ८०० आहे, चाळीसगावहून संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला, तेव्हापासून दोनशे किलोमीटरमागे अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलीय. आणि मधेच एक ओळ आहे की दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व) काढून टाकला. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी मेकॅनिक नाय. अमळनेरला राहतो, माझ्याकडे अशीच ८०० चौदा वर्षं होती आणि तिचं हेड एकदा उगाचच उघडलं गेलं. मे महिना, भुसावळच्या रस्त्यावर काटा लालमधे, गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, "हेड खोलनंच पडी भाऊ." खोललं. गॅस्केट चांगलं निघालं, साडेनऊ हजार गेले, आणि पंधरा दिवसांनी परत तेच. शेवटी रेडिएटर रिपेअरवाल्या एका म्हाताऱ्या चाचांनी रेडिएटरचं झाकण हातात घेतलं, उलटं केलं, खालचं रबर नखाने उचललं तर ते बिस्किटासारखं तुटलं. दीडशे रुपयांचं झाकण.

आता झाकणाने असं कसं होतं तर ते पाणी नुसतं झाकत नाही, दाबून धरतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा दाब होईपर्यंत ते बंद राहतं आणि त्या दाबात पाणी १०० ला न उकळता ११८ च्या आसपास उकळतं. रबर गेलं की ती वरची अठरा डिग्री गेली, मग पंचेचाळीसच्या उन्हात घाट चढताना पाणी उकळून रिझर्व्ह बाटलीतून बाहेर जातं आणि लोक म्हणतात गॅस्केट पाणी पितंय. म्हणून आधी नवीन झाकण टाका, त्याच नंबरचं.

तुमच्या सायीचं आणि धुराचं बोलू. सध्या डिसेंबर आहे, केळीला चरका बसतो अशी थंडी, सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ प्रत्येक पेट्रोल गाडीची निघते आणि दोन-चार किलोमीटरमधे बंद होते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरं येतच राहिलं, वासाला गोडसर असलं तर ते कूलंट जळतंय. (साधं पाणी टाकलं असेल तर गोड वास येणारच नाही, तेव्हा वासावर जाऊ नका.) आणि साय. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, थंडीत इंजिन नीट तापतच नाही, त्यात घर ते बाजार तीनच किलोमीटर चालवलं की आतला दमटपणा उडत नाही आणि वरच्या ऑइलच्या झाकणाला येऊन चिकटतो. फक्त झाकणाला साय असेल तर मी झोप उडवून घेणार नाही. ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. पट्टीवरचं ऑइल जास्त दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा ऑइलची लेव्हल न टाकता वाढलेली दिसली तर मात्र गाडी चालू करू नका, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता खरी परीक्षा. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन एकदम थंड, तेव्हा रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला (रबरी नळीला) हाताने दाबून बघा. रात्र गेल्यावर तो मऊ पाहिजे. सकाळीसुद्धा टणक लागला आणि रेडिएटरचं झाकण हळू फिरवताना फुस्स झालं, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय असा दाट संशय. मग झाकण काढूनच ठेवा, पाणी गळ्यापर्यंत भरा, कोणालातरी सेल मारायला सांगा आणि तुम्ही वर बघा पण तोंड लांब ठेवून. सुरवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा असते. पण इंजिन चालू आहे तोवर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बारीक बुडबुडे येतच राहिले, रेस दिली की वाढले किंवा पाणी उसळून बाहेर आलं, तर तुमचा मिस्त्री बरोबर आहे. आणि हे फक्त थंड गाडीवर. गरम झाकण मी एकदा उघडलंय, डाव्या मनगटावर अजून डाग आहे.

बुडबुड्याबद्दल शंका राहिली तर ऑनलाइन एक किट मिळतं, निळं पाणी असतं, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावायची आणि आतली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. जळालेला गॅस असला की ते पिवळं होतं. रेडिएटरचं पाणी आधी थोडं कमी करा नाहीतर तेच नळीत ओढलं जाईल आणि किट वाया.

बुडबुडे नाहीत तरी पाणी जातंय? मग प्लग काढा, तिन्ही. गॅस्केट सिलिंडरच्या बाजूला गळत असलं तर दोन प्लग नेहमीसारखे तपकिरी आणि एक असा पांढरा स्वच्छ निघतो की जणू बायकोने राखेने घासलाय, कारण वाफेने तो रोज धुतला जातोय. प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे किती दाब होतो ते, मोजून घ्या, गेज गॅरेजमधे असतं, नसलं तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जा. मोजताना इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, कॉइलचं आणि इंजेक्टरचं कनेक्शन काढलेलं. आकडा किती आला यापेक्षा तिघांत फरक किती ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग घासल्यात, नाही वाढला तर वाल्व किंवा गॅस्केट. आणि शेजारशेजारचे दोन एकत्रच कमी आले तर मधलं गॅस्केट गेलं, तिथे फार विचार करायला उरत नाही.

यातलं काहीच निघालं नाही तर पाणी बाहेर कुठेतरी जातंय. रेडिएटरवाल्याकडे हातपंपाचा टेस्टर असतो, झाकणाच्या जागी लावून तेरा-चौदा पीएसआय भरायचं आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. वॉटर पंपाच्या खाली छोटं भोक असतं, तिथे पांढरा-हिरवा सुकलेला ओघळ दिसतो का बघा. हीटर असेल तर डाव्या बाजूची चटई उचलून हात लावा, ओली असते. आपल्याकडे अजून एक म्हणजे बोअरचं पाणी, घरातल्या माठाला जसा पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, बाहेरून चकाचक आणि आतून अर्ध्या नळ्या बंद. त्यात थर्मोस्टॅट काढल्याने फायदा काही होत नाही, फक्त थंडीत नुकसान. तो परत बसवायला सांगा.

कोणी हळद टाकायला सांगेल, रेडिएटरची बारीक गळती त्याने थांबते खरी, मी थांबलेली पाहिलीय, पण गॅस्केटच्या जागी सिलिंडरचा स्फोट धडकतो तिथे हळद काय करणार, उलट उरलेल्या नळ्या पण बंद करेल.

आणि गॅस्केटच निघालं तर हेड काढल्यावर नुसतं नवीन गॅस्केट टाकून बसवू देऊ नका. अॅल्युमिनियमचं हेड आहे, एकदा तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायचं पातळ पातं) जातं का हे तुमच्यासमोर करायला लावा, गेलं तर हेड फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, आणायचं. बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. टायमिंग बेल्ट तसाही निघतो तर तोही नवीन टाका, आणि मग बोअरचं पाणी नाही, कूलंट.

सकाळी होज दाबून टणक की मऊ ते इथे लिहा, आणि तोवर घाटात नेऊ नका.