बादुआनजिन करताना श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर व्हिडिओ बघून बादुआनजिन (आठ संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करताय, पण हातांबरोबर श्वास जुळवायला गेलं की धाप लागते, मध्येच गरगरतं. माझं सुरुवातीला अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

थेट सांगायचं तर सध्या श्वास जुळवूच नका. आधी नुसत्या हालचाली अंगात मुरू द्या. श्वास नंतर आपला आपण त्यांच्या मागे येतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शांघायला होतो. तिथल्या लू शुन पार्कमध्ये सकाळी झाडाखाली एक छोटा स्पीकर लावून पंधरा-वीस जण बादुआनजिन करायचे. मी मागच्या रांगेत उभी राहायला लागले. प्राणायामाची सवय असल्यामुळे मी मनात आकडे मोजायचे. पण संगीत माझ्या आकड्यांपेक्षा संथ होतं. हात डोक्यावर पोचायच्या आत छाती भरून जायची, मग तो श्वास मी कोंडून धरायचे. तिसऱ्या आवर्तनाला डोळ्यांपुढे काजवे!

शेजारी सत्तरीच्या एक बाई असायच्या. त्यांना सगळे 'आयी' म्हणत. (तिकडे मावशी-काकूंना अशीच हाक मारतात. मला ती ऐकून दर वेळी घरची आठवण यायची.) एके दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ते हळूच खाली दाबले. तेव्हा कळलं की खांदे कानापर्यंत चढले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "फांगसोंग." म्हणजे सैल सोड. मग स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या खाली तळवा ठेवून दाखवला. त्या जागेला तिकडे दान्तिएन म्हणतात. तळव्याखालचं पोट श्वासाबरोबर अगदी थोडं पुढे येत होतं आणि मागे जात होतं. छाती, खांदे जागच्या जागी.

त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. साधारण महिन्याभराने लक्षात आलं की हात वर जाताना श्वास आपोआप आत येतोय.

तिथे शिकवतात तो नियम सोपा आहे. अंग वर उठतं, उघडतं तेव्हा श्वास आत. खाली येतं, मिटतं तेव्हा बाहेर. जोर साठवताना आत, जोर लावताना बाहेर. पहिल्या प्रकारात बोटं गुंफून तळवे आभाळाकडे ढकलतो तेव्हा श्वास आत येतो. वर क्षणभर थांबायचं, पण घसा आवळायचा नाही. मग हात दोन्ही बाजूंनी उतरतात, गुडघे किंचित वाकतात, तेव्हा श्वास बाहेर. दुसऱ्या प्रकारात धनुष्य ताणल्यासारखे हात उघडतो तेव्हा आत, हात मिटताना बाहेर. सातव्या प्रकारात मूठ पुढे नेताना मात्र बाहेर, कारण तिथे जोर लागतो. शेवटच्या प्रकारात टाचा उचलताना आत आणि हलकेच जमिनीवर सोडताना बाहेर, असं सात वेळा.

आणि हालचाल लांब पडली, श्वास पुरला नाही, तर मध्येच एक छोटा श्वास बिनधास्त घ्यायचा. ही चूक नाहीच. आपल्या कुंभकाची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला. पण इथे श्वास रोखून धरण्याला किंमत नाही. तो खोल, लांब, बारीक आणि एकसारखा व्हावा, एवढंच बघतात. माझ्या अनुभवात तो ओढून तसा होत नाही, खांदे आणि पोट सैल झाले की होतो.

यामागचं शरीरशास्त्रही सरळ आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. उच्छ्वास लांबला की शरीराला स्वस्थ व्हायला सवड मिळते. तुम्ही जबरदस्तीने मोठमोठे श्वास घेता तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि गरगरतं. तुमचंही बहुधा हेच होतंय.

ही विद्या जुनी आहे. चीनच्या हुनान प्रांतातल्या मावांगदुई इथे इ.स.पूर्व 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात एक रेशमी चित्र मिळालं, त्यात असे व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या आहेत. बादुआनजिन म्हणजे 'जरीच्या रेशमाचे आठ तुकडे'. हे नाव सोंग राजवटीच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) आढळतं. हालचाल अशी रेशमासारखी, कुठेही न अडखळता व्हायला हवी, असं मी त्याचं मर्म समजते.

उद्यापासून आठही प्रकार करू नका. फक्त पहिला, सहा वेळा, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. सुरू करण्याआधी मिनिटभर नुसतं उभं राहून पोटावर तळवा ठेवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुन्हा गरगरलं तर लगेच थांबून खुर्चीवर बसा, आणि श्वास न रोखताही तसं होत राहिलं तर तपासून घ्या.